तुलना कुणाशी? टॉर्नेडोच्या अंदाजांचा आणि सल्ल्यांचा इतिहास

१८८४ साली अमेरिकन लष्कराच्या हवामान विभागातला एक अधिकारी, जॉन पार्क फिनली, याने टॉर्नेडोचे प्रायोगिक अंदाज द्यायला सुरुवात केली. काही महिन्यांनी त्याने हिशेब मांडला: अंदाज ९६.६ टक्के बरोबर. एवढा आकडा आजच्या कुठल्याही शोधनिबंधात दिसला तरी आपण मान डोलावू. पण त्याच वर्षी ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की फिनलीने काहीही अभ्यास न करता रोज, प्रत्येक ठिकाणासाठी नुसतं 'आज टॉर्नेडो होणार नाही' एवढंच लिहिलं असतं, तरी तो ९८.२ टक्के बरोबर ठरला असता.

म्हणजे काहीच न करणारा माणूस अभ्यास करणाऱ्यापेक्षा सरस! हे कसं काय?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी टॉर्नेडोचा इतिहास वाचावा असं मला वाटतं, ते या एका प्रश्नासाठी. वादळ कसं होतं हे तर यात आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 'अमुक केलं की जीव वाचतो' हे आपल्याला कळलं कसं, याचा हा इतिहास आहे. त्यात दर काही वर्षांनी कुणीतरी एकच साधा प्रश्न विचारतो: हे खरं, पण कशाच्या तुलनेत? तो प्रश्न उशिरा विचारला गेला तेव्हा लोक मेले.

आधी शब्दांचा घोळ

मराठी वर्तमानपत्रांत 'चक्रीवादळ' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी येतो. जून २०२० मध्ये अलिबागजवळ धडकलेलं 'निसर्ग' हे समुद्रावर तयार झालेलं चक्रीवादळ. अशा वादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो, ते कित्येक दिवस टिकतं आणि ते येतंय हे दोन-तीन दिवस आधी कळतं. टॉर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत उतरलेला, गरगर फिरणारा हवेचा खांब. त्याची रुंदी बहुतेक वेळा काहीशे मीटर किंवा त्याहून कमी, आयुष्य काही मिनिटांचं. आणि उन्हाळ्यात माळावर धूळ-पाचोळा उडवत फिरते ती आपली वावटळ तिसरीच. ती तापलेल्या जमिनीवरून वर उठते, तिला ढग लागत नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. 'सायक्लोन' हा इंग्रजी शब्द हेन्री पिडिंग्टन या गृहस्थाने घडवला, तोही कलकत्त्यात, बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करताना. पुढे अमेरिकेच्या मध्य भागातले शेतकरी टॉर्नेडोलाच सायक्लोन म्हणू लागले. वादळात लपायला अंगणात खोदलेल्या तळघराला तिथे 'सायक्लोन सेलर' म्हणत. त्यामुळे जुने कागद वाचताना पहिलं काम: लिहिणारा नेमकं कशाबद्दल बोलतोय ते ओळखणं.

टॉर्नेडो का होतो, हेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट हवा जमिनीलगत उत्तरेकडे सरकते. तिच्या वर पश्चिमेकडून कोरडी, थंड हवा येते. खाली हलकी नि वर जड अशी रचना झाली की खालची हवा जोरात वर उसळते. त्यात जमिनीलगतच्या आणि उंचावरच्या वाऱ्याची दिशा नि वेग वेगळे असले की वर चढणारा झोतच फिरायला लागतो. अशा फिरत्या ढगाला सुपरसेल म्हणतात. सगळ्यात जबर टॉर्नेडो यातूनच येतात. पण बहुतेक सुपरसेलमधून टॉर्नेडो होतच नाही. अंदाज देणाऱ्याची खरी पंचाईत इथे आहे.

फिनलीचा तक्ता

आता फिनलीच्या आकड्यांकडे. त्याने रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडच्या प्रदेशाचे विभाग पाडले आणि प्रत्येक विभागासाठी 'टॉर्नेडोला अनुकूल' किंवा 'प्रतिकूल' असं लिहिलं. एकूण नोंदी २८०३. त्यांची वाटणी अशी:

होणार म्हटलं आणि झाला: २८
होणार म्हटलं, पण झाला नाही: ७२
होणार नाही म्हटलं, पण झाला: २३
होणार नाही म्हटलं आणि झाला नाही: २६८०

फिनलीने २८ आणि २६८० यांची बेरीज केली, तिला २८०३ ने भागलं आणि ९६.६ टक्के काढले. गोम शेवटच्या ओळीत आहे. टॉर्नेडो मुळातच दुर्मीळ, त्यामुळे 'होणार नाही' हे उत्तर जवळजवळ नेहमी बरोबरच येणार. त्या २६८० 'यशां'मध्ये कौशल्य किती नि आयतं मिळालेलं किती?

गिल्बर्टने सुचवलं की ती चौथी ओळ बाजूलाच ठेवा. उरलेल्या १२३ प्रसंगांपैकी फिनलीला साधले २८, म्हणजे जेमतेम २३ टक्के. हेच माप थोड्या वेगळ्या नावांनी आजही जगभरच्या हवामान खात्यांत वापरलं जातं. चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञानेही त्याच वर्षी स्वतःचं वेगळं माप मांडलं: झालेल्या टॉर्नेडोंपैकी किती पकडले, त्यातून न झालेल्या प्रसंगी किती वेळा उगाच ओरड केली ते वजा करा. आज वैद्यकीय चाचण्या किंवा मशीन लर्निंगच्या पेपरमध्ये तुम्हाला असेच तक्ते भेटतील. रोग हजारात एकाला असेल तर '९९ टक्के अचूक चाचणी' या शब्दांना फारसा अर्थ राहत नाही, ते याच कारणाने.

पण इथेच थांबलो तर फिनलीवर अन्याय होईल. त्याचा तक्ता दुसऱ्या बाजूने वाचून बघा. त्याने 'होणार' म्हटलेल्या १०० पैकी २८ वेळा टॉर्नेडो झाला. 'होणार नाही' म्हटलेल्या २७०३ पैकी फक्त २३ वेळा, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. फिनलीने बोट दाखवलं तिथे टॉर्नेडोची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा सुमारे ३३ पट होती. रडार नाही, उपग्रह नाही, तारेने आलेल्या तापमान-वाऱ्याच्या नोंदी आणि हाताने काढलेले नकाशे, एवढ्यावर! आकडा फसवा होता, पण अंदाज टाकाऊ नव्हते. मापन चुकलं म्हणजे काम चुकलं असं होत नाही, हा या तक्त्याचा दुसरा धडा. तो फारसा सांगितला जात नाही.

एक शब्द बंद

फिनलीचं काम पुढे वाढायला हवं होतं. झालं उलट. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवामान विभागाने अंदाजांत 'टॉर्नेडो' हा शब्द वापरणंच बंद केलं. विभागाचे प्रमुख जनरल अडॉल्फस ग्रीली यांचं म्हणणं साधारण असं होतं की अंदाज ऐकून लोक इतके घाबरतील की प्रत्यक्ष वादळापेक्षा अंदाजानेच जास्त नुकसान होईल. १८९१ मध्ये हवामानाचं काम लष्कराकडून मुलकी खात्याकडे, वेदर ब्युरोकडे गेलं, तरी हे धोरण तसंच चालत राहिलं. १९३८ पर्यंत हा शब्द अंदाजात आला नाही, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं तो वापरायला कुणी धजावत नव्हतं.

आता या धोरणाला आपला प्रश्न विचारा. 'अंदाज दिला तर लोक घाबरतील' – कशाच्या तुलनेत? अंदाज न देण्याचं नुकसान कुणी मोजलं होतं का? नव्हतं. गप्प बसणं म्हणजे काही न करणं, आणि काही न केल्याने नुकसान होत नाही, असं गृहीत धरलं गेलं होतं.

१८ मार्च १९२५ रोजी दुपारी मिसुरी राज्यात एक टॉर्नेडो उतरला. तो मिसुरीतून इलिनॉय, तिथून इंडियाना असा सुमारे साडेतीन तास चालला आणि त्याने जवळपास ३५० किलोमीटरचा पट्टा कापला. सरासरी वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या काळातली मोटारसुद्धा त्याच्यापुढे पळू शकली नसती. तो नेहमीच्या सोंडेसारखा दिसतही नव्हता. जमिनीला टेकलेल्या काळ्या, घुसळणाऱ्या ढगासारखा दिसत होता, त्यामुळे अनेकांना अंगावर येईपर्यंत तो ओळखूच आला नाही. मर्फीझबरो या एकाच गावात २३४ माणसं गेली. एकूण मृत्यू ६९५. अमेरिकेच्या इतिहासात एका टॉर्नेडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी आहेत.

बंदी नसती तर हे सगळे वाचले असते असं म्हणणं उथळपणाचं होईल. त्या दिवशीचा नेमका अंदाज देण्याइतकं ज्ञान तेव्हा नव्हतं. पण ते ज्ञान का नव्हतं, हाही प्रश्न आहेच. ज्या गोष्टीचा उच्चारच करायचा नाही तिचा अंदाज कोण शिकणार? चाळीस वर्षं कुणी अंदाज वर्तवला नाही, म्हणून चुका झाल्या नाहीत, म्हणून त्या सुधारल्याही नाहीत.

पाच दिवसांत दोनदा

कोंडी फुटली ती योगायोगाने. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई तळावर टॉर्नेडो आला आणि विमानांचं एक कोटी डॉलरच्या आसपास नुकसान करून गेला. तळाच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, हे आधी सांगता येईल का? मेजर अर्नेस्ट फॉबुश आणि कॅप्टन रॉबर्ट मिलर हे दोन हवामान अधिकारी जुने नकाशे उपसत बसले: आधीच्या टॉर्नेडोंच्या दिवशी वरच्या नि खालच्या हवेत काय काय एकत्र आलं होतं?

२५ मार्चला सकाळी नकाशा बघतात तर तो जवळपास २० तारखेसारखाच! तळाचे प्रमुख जनरल फ्रेड बोरम यांनी विचारलं, अंदाज देणार का? एकाच जागी पाच दिवसांत दुसऱ्यांदा टॉर्नेडो येणं किती दुर्मीळ, हे दोघांनाही चांगलंच माहीत होतं. तरीही दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी इशारा दिला. विमानं आत घेतली, माणसं सुरक्षित जागी हलवली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टॉर्नेडो खरंच तळावर आला. नुकसान झालं, पण आधीपेक्षा कमी.

शास्त्राच्या दृष्टीने हा एक नमुना आहे, एकच. यातून 'पद्धत सिद्ध झाली' असं म्हणता येत नाही. मिलर आणि फॉबुश यांचं खरं काम त्यानंतरचं: पुढची काही वर्षं ते अंदाज देत राहिले आणि ते तपासत राहिले. पण त्या एका संध्याकाळने चर्चा बदलली. 'अंदाज देता येतो का?' हा प्रश्न मागे पडला आणि 'तुम्ही का देत नाही?' असं लोक वेदर ब्युरोला विचारू लागले. १९५० मध्ये ब्युरोने आपल्या कार्यालयांना कळवलं की टॉर्नेडोच्या अंदाजावर बंदी नाही, आणि १९५२ च्या मार्चपासून जनतेसाठी अंदाज सुरू झाले. १९५३ च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमध्ये रडारच्या पडद्यावर टॉर्नेडोवाल्या ढगाची आकड्यासारखी वळलेली शेपटी पहिल्यांदा टिपली गेली.

इथे एक कोडं आहे. हॅरल्ड ब्रुक्स आणि चार्ल्स डॉसवेल या संशोधकांनी अमेरिकेतले टॉर्नेडोचे मृत्यू लोकसंख्येच्या प्रमाणात मांडले. १९२५ च्या सुमारापर्यंत दर दहा लाखांमागे वर्षाला साधारण १.८ मृत्यू होते. विसाव्या शतकाच्या शेवटी हे प्रमाण ०.११ च्या आसपास आलं. छान! इशाऱ्यांचा विजय! पण आलेख नीट बघा: घसरण सुरू होते १९२० च्या दशकाच्या मध्यात, आणि सार्वजनिक इशारे सुरू होतात १९५२ मध्ये. मधली पंचवीसेक वर्षं कशाने? रेडिओ, टेलिफोन, घरांचं बांधकाम, जखमींवरचे उपचार, शेतांतून शहरांकडे गेलेली माणसं, असे कितीतरी उमेदवार आहेत. सगळं श्रेय एकाला देता येत नाही. 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करताना रेघ कुठे मारायची, हे निकाल बघून ठरवायचं नसतं.

ढिगारा वाचणारा माणूस

टॉर्नेडोच्या आत वाऱ्याचा वेग किती असतो? उपकरण लावावं तर तेच उडून जातं. यावर तोड काढली तेत्सुया फुजिता यांनी. जपानमधल्या क्यूशू बेटावर जन्मलेले फुजिता १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीला जाऊन अणुस्फोटाच्या खुणांचा अभ्यास करून आले होते. झाडं कुठल्या दिशेला पडली, जळाल्याच्या खुणा कुठल्या कोनात आहेत, त्यावरून स्फोट कुठे नि किती उंचीवर झाला हे काढायचं. पुढे शिकागो विद्यापीठात आल्यावर त्यांनी हीच नजर टॉर्नेडोवर लावली. विमानातून शेतांचे फोटो घ्यायचे, पडक्या घरांची नोंद करायची, नुकसानीवरून वाऱ्याचा अदमास बांधायचा.

१९७१ मध्ये त्यांनी एफ-शून्य ते एफ-पाच अशी श्रेणी मांडली. ३ आणि ४ एप्रिल १९७४ ला चोवीस तासांच्या आसपास १३ राज्यांत १४८ टॉर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसं मेली, तेव्हा फुजितांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या सगळ्यांचे मार्ग नकाशावर आणले. २००७ पासून अमेरिकेत याच श्रेणीची सुधारलेली आवृत्ती वापरतात. ती तयार करण्यात टेक्सस टेक विद्यापीठातल्या किशोर मेहता आणि जेम्स मॅकडोनाल्ड या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. मेहता मूळचे भारतातले.

पण ही श्रेणी वापरताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवायची: ती नुकसान मोजते, वारा नाही. वारा हा त्या नुकसानीवरून काढलेला निष्कर्ष. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळ झालेला टॉर्नेडो तब्बल ४.२ किलोमीटर रुंद होता. फिरत्या रडारने त्यात सगळ्यात वरच्या श्रेणीत बसतील असे वारे मोजले. तरी अधिकृत नोंद तिसऱ्या श्रेणीची आहे, कारण तो मुख्यतः मोकळ्या रानातून गेला. पाडायला घरंच नसतील तर श्रेणी वाढणार कशी? तेव्हा 'पूर्वीपेक्षा जोरदार टॉर्नेडो वाढलेत का?' असा प्रश्न जुन्या नोंदींना विचारताना आधी हे बघायचं की घरं वाढली, बघणारे वाढले की टॉर्नेडो.

सल्ल्यांची परीक्षा

आता लोकांच्या जिवाशी थेट गाठ असलेला भाग. टॉर्नेडो आला तर काय करायचं? यावरचे सल्ले शंभर वर्षं पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तपासले गेले ते फार उशिरा.

पहिला सल्ला: तळघराच्या नैऋत्य कोपऱ्यात बसा. हा फिनलीच्या १८८७ च्या पुस्तकापासून चालत आलेला. तर्क सरळ: टॉर्नेडो बहुधा नैऋत्येकडून ईशान्येकडे जातो, म्हणजे घराचा ढिगारा ईशान्येला पडणार, नैऋत्य कोपरा मोकळा राहणार. ८ जून १९६६ ला कॅन्ससमधल्या टोपीका शहरातून मोठा टॉर्नेडो गेला. शहराच्या नैऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे, ती शहराचं रक्षण करते अशी गावात समजूत होती. टॉर्नेडो त्या टेकडीवरूनच शहरात उतरला. नंतर कॅन्सस विद्यापीठाचे जो ईगलमन यांनी पडक्या घरांची पाहणी केली. नैऋत्य बाजू सर्वांत सुरक्षित निघायला हवी होती. निघाली सर्वांत धोक्याची बाजू! वारा ज्या बाजूने आदळतो तिथल्या भिंती आत कोसळतात, घर पायावरून सरकतं, आणि उडत आलेलं सामान आधी तिथेच घुसतं. सल्ल्यामागचा तर्क ऐकायला पटणारा होता. फक्त पडक्या घरांशी तो कुणी ताडून पाहिला नव्हता.

दुसरा सल्ला: खिडक्या उघडा. टॉर्नेडोच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे बंद घर आतल्या दाबाने फुटतं, अशी समजूत. भिंती बाहेरच्या बाजूला पडलेल्या दिसत, म्हणजे पुरावाही होता! पण ११ मे १९७० ला लबक शहर उद्ध्वस्त झालं, त्यानंतर तिथल्याच टेक्सस टेक विद्यापीठातल्या अभियंत्यांनी घरं कशी मोडतात याचा बारकाईने अभ्यास सुरू केला. साधं घर इतकं हवाबंद नसतंच, फटींतून दाब सारखा होतो. खरं घडतं ते असं: छपरावरून वेगाने जाणारा वारा छप्पर उचलतो. छप्पर गेलं की भिंतींना वरचा आधार उरत नाही, मग त्या आत-बाहेर कशाही पडतात. एखादी खिडकी फुटून वारा आत शिरला तर छप्पर आणखी लवकर उडतं. म्हणजे खिडक्या उघडायला थांबणारा माणूस वादळाला वाटच करून देत होता, आणि तेवढा वेळ काचेसमोर उभा होता. याच अभ्यासांतून हेही दिसलं की सगळं घर गेलं तरी आतली छोटी खोली कधीकधी उभी राहते. घरात मजबूत 'सुरक्षित खोली' बांधण्याची अर्न्स्ट कीसलिंग यांची कल्पना अशा निरीक्षणांतूनच पुढे आली.

तिसरी गोष्ट गाडीची. १० एप्रिल १९७९ ला टेक्ससमधल्या विचिता फॉल्स शहरात पुरेसा आधी इशारा मिळाला होता. नंतरच्या अभ्यासात दिसलं की दुखापतीने मेलेल्या ४३ जणांपैकी २६ जण वादळाच्या वाटेतून निसटायला गाडीत बसलेले होते. निष्कर्ष: घर सोडून गाडीने पळू नका. हा अभ्यास चांगला का? कारण संशोधक फक्त मेलेल्यांजवळ थांबले नाहीत, घरात राहिलेल्यांचं काय झालं तेही त्यांनी बघितलं आणि दोघांची तुलना केली. तरी हा नियम सगळीकडे तसाच लागू होतो का? रस्ता मोकळा असेल नि हाताशी वेळ असेल, तर गणित वेगळं असू शकतं. आणि रस्ता तुंबला तर फार वाईट: २०१३ च्या एल रीनोमध्ये मेलेले आठही जण गाड्यांच्या संदर्भातले होते.

चौथी गोष्ट व्हिडिओची. २६ एप्रिल १९९१ ला कॅन्ससमध्ये काही लोक महामार्गावरच्या पुलाखाली दबून बसले आणि वाचले. ते चित्रण टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. पुलाखाली लपायचं, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात ताशी ४८० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचे वारे असलेला टॉर्नेडो आला तेव्हा तीन वेगवेगळ्या पुलांखाली तिघं मेली, कित्येक गंभीर जखमी झाली. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी जोराने शिरतो, आणि चढावर वर बसलेला माणूस जमिनीलगतच्यापेक्षा जास्त वाऱ्यात सापडतो. वाचलेल्यांनी व्हिडिओ काढला होता. मेलेले व्हिडिओ काढून दाखवू शकत नाहीत. उरलेल्यांवरूनच निष्कर्ष काढण्याची ही चूक तुम्हाला कुठल्याही विषयात भेटेल.

इशारा आणि विश्वास

फिनलीच्या तक्त्यातली दुसरी ओळ आठवा: होणार म्हटलं, पण झाला नाही – ७२. ही ओळ आजही छळते. २२ मे २०११ ला मिसुरीतल्या जॉप्लिन शहरात टॉर्नेडोने १५८ बळी घेतले. इशारा दिला होता, भोंगेही वाजले होते. सरकारी पाहणीत आढळलं की पहिला इशारा ऐकून बहुतेकांनी लगेच आसरा घेतला नाही. भोंगे नेहमीच वाजतात, म्हणून लोक आणखी खात्रीची वाट बघत राहिले – टीव्ही, खिडकीतून एक नजर, शेजाऱ्याचं मत. ग्रीलींना भीती होती की लोक फार घाबरतील. सव्वाशे वर्षांनी अडचण उलटी निघाली: लोक पुरेसे घाबरत नाहीत.

आता आपल्याजवळ या. जगात एका टॉर्नेडोने सर्वाधिक माणसं मारली ती अमेरिकेत नाही, बांगलादेशात. २६ एप्रिल १९८९ ला माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागात सुमारे १३०० लोक गेले. बंगालमध्ये चैत्र-वैशाखात कालबैशाखीची वादळं येतात, त्यांतलीच काही टॉर्नेडो घडवतात. आपल्या ओडिशात ३१ मार्च २००९ ला केंद्रपाडा जिल्ह्यातल्या राजकनिका भागात असाच टॉर्नेडो झाला. अमेरिकेत वर्षाला हजाराहून जास्त टॉर्नेडो होतात, तरी बळींचा विक्रम बंगालच्या नावावर. म्हणजे मृत्यू फक्त वाऱ्याने ठरत नाहीत. दाट वस्ती, पत्र्याची नि बांबूची घरं, आणि इशारा पोचण्याची सोय, यांनीही ठरतात. 'तळघरात जा' हा अमेरिकन सल्ला तिथल्या माणसाच्या काय कामाचा? तळघर खोदलं तर पाणी लागेल. सल्ला देताना तो कुठल्या घरासाठी आहे, हे आधी विचारावं लागतं.

मग आज काय करायचं?

तुमच्यातले काही जण पीएचडीसाठी ओक्लाहोमा, टेक्सस किंवा कॅन्ससला जातील, म्हणून हे नीट लिहितो. इशारा मिळाला की बाहेर डोकावून खात्री करत बसू नका. तळघर असेल तर तिथे जा. नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, घराच्या मध्यभागी, खिडकी नसलेल्या लहान खोलीत: न्हाणीघर, कपाटाची खोली, जिन्याखाली. तुम्ही आणि बाहेरचा वारा यांच्यामध्ये जितक्या भिंती तितकं बरं. कोपऱ्याची दिशा विसरा, खिडक्यांना हात लावू नका. डोकं वाचवा – हेल्मेट, गादी, जे मिळेल ते, कारण जास्त माणसं उडत्या नि कोसळत्या वस्तूंनी मरतात. चाकांवरच्या तयार घरात राहत असाल तर तिथे थांबू नका, आधीच जवळची पक्की इमारत हेरून ठेवा. पुलाखाली आसरा घेऊ नका. आपल्या पूर्व भागात पत्र्याच्या घरात असाल तर जवळची पक्की शाळा किंवा निवारा आधीच ठरवलेला असावा.

या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी पडक्या घरांतून फिरून केलेली मोजणी आहे. आणि यातली काही वाक्यं उद्या बदलतीलही.

तुमचा विषय हवामानाचा नसला तरी हा इतिहास उपयोगी पडेल. संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा चार प्रश्न कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. माझा आकडा, काहीच न करणाऱ्याच्या आकड्यापेक्षा खरंच चांगला आहे का? मला दिसत नसलेली माणसं कोण, आणि ती का दिसत नाहीत? मी जे मोजतोय ते वारा आहे की पडकं घर? आणि मी गप्प बसलो तर त्याची किंमत कोण मोजेल? फिनलीला पहिला प्रश्न सुचला नाही, ग्रीलींना चौथा. पहिल्या चुकीची दुरुस्ती काही महिन्यांत झाली. दुसरीला साठ वर्षं लागली.